माझी चूक माझ्या नावावर

मी चूक केली, हे आधीच सांगून टाकते. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला नाही. मी दुसरीचा पासवर्ड वापरला, दुसरीच्या नावानं अठ्ठेचाळीस पत्रांना उत्तरं दिली, आणि हे नियमात बसत नाही हे मला करतानाही ठाऊक होतं. एवढं कबूल केल्यावर पुढं जे सांगणार आहे ते भांडण आहे, आणि ते मी अजून सोडलेलं नाही.

आमचं घर तासगावपासून सात-आठ किलोमीटरवर. तीन एकर द्राक्षबाग, आणि बागेच्या कडेला बेदाण्याची शेड. माझं माहेर कडेगावकडचं, उसातलं. सांगलीला बी.कॉम. केलं, लग्न होऊन इकडं आले आणि चार वर्षं बागेत राबले. मग एका मैत्रिणीच्या ओळखीनं घरबसल्या करायची नोकरी मिळाली. परदेशातलं एक ऑनलाइन दुकान आहे, किटल्या, इस्त्र्या, टोस्टर असलं काहीबाही विकतं. लोकांच्या तक्रारींची पत्रं येतात, त्यांना इंग्रजीत उत्तरं लिहायची. दुपारी सुरू होऊन रात्री नऊला काम संपायचं. पहिले तीन महिने कच्ची नोकरी, त्यानंतर पक्की.

घरात सांगितलं तेव्हा मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आधी तारखा विचारल्या. ते पल्टनीत होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. कुठल्याही गोष्टीला मुदत लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"तीन महिने त्येनी बघनार म्हणत्यात न्हवं? मग आमीबी तीन महिने बघतो. जमलं तर ऱ्हा त्यातच. न्हाई जमलं तर शेड हाय, ती तुझी."

यात वाईट काही नव्हतं. शेडवर बायकांची टोळी असते, तिच्यावर बघायला घरचं माणूस लागतं. आत्यांचे, म्हणजे सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि नवऱ्याचा दिवस ट्रॅक्टरवर जातो. पण मला ती नोकरी हवी होती. पगारासाठी हवी होतीच, खोटं कशाला बोला, पण त्याहून जास्त एका गोष्टीसाठी. मला पत्र लिहिता येतं. चिडलेल्या माणसाला दोन ओळींत शांत करता येतं. बागेतली विरळणी सगळ्यांना येते, भाकरी सगळ्यांना येते. हे मला एकटीला येत होतं, आणि लग्नानंतर असं काही पहिल्यांदाच हाताला लागलं होतं. म्हणून एकाच वेळी दोन ठिकाणी कच्ची, अशी मी कामाला लागले.

दर शुक्रवारी संध्याकाळी पाचला नव्या लोकांची ऑनलाइन बैठक असायची. आम्ही नऊजण होतो. आशियातले चौघं, बाकीचे पाच तिकडचे. शिकवणारे साहेब गोड बोलणारे होते, त्यांच्या मागं पुस्तकांचं कपाट आणि एक कुंडी. माझ्या मागं भिंतीवर औषधांच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, ते पहिल्याच दिवशी काढायला लावलं. बैठकीचा विषय ठरलेला असायचा, आशिया आणि पश्चिम यांतला फरक. पडद्यावर दोन रकाने यायचे. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ते.

आमच्या रकान्यात लिहिलेलं असायचं: आशियातली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. वडीलधाऱ्यांपुढं बोलत नाहीत. आधी गट बघतात, मग स्वतःकडं. पलीकडच्या रकान्यात लिहिलेलं: पश्चिमेची माणसं स्पष्ट बोलतात. स्वतःचा निर्णय स्वतः घेतात. जबाबदारी स्वतः घेतात.

मी पहिल्या आठवड्यात ऐकून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात मात्र राहवेना. मी माइक चालू करून म्हणाले, "साहेब, आमच्याकडं बेदाण्याच्या बाजारात कुणी तोंडानं 'हो' म्हणून आडून 'नाही' सुचवत बसलं, तर माल तिथंच सडून जाईल. आमच्या भागातली माणसं इतकी स्पष्ट बोलतात की बाहेरच्याला वाटतं भांडण लागलंय."

साहेब छान हसले. "हे फार सुंदर उदाहरण आहे," म्हणाले, आणि पुढच्या पानावर गेले. रकाने होते तसेच राहिले.

तोपर्यंत आत्या चहा घेऊन माझ्या मागं येऊन उभ्या होत्या. नऊ चौकोनांत नऊ तोंडं बघून त्यांनी विचारलं, "ही सगळी कुठली गं?" मी म्हटलं, जगातली. "आन् हा मधला काय शिकिवतोय?" मी म्हटलं, आपण कसे आहोत ते शिकवतोय. "आपुन? ह्यो कवा आलता आपल्याकडं?"

माझा माइक चालूच होता. मराठी कुणाला कळलं नाही, पण साहेबांना आत्यांचं येणं फार आवडलं. कुटुंबसंस्था, एकत्र राहणं, असं बरंच बोलले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

मला आणखी एका गोष्टीवरून सारखं टोकलं जायचं. मी पत्रात माणसाची चौकशी करायची. बाईची इस्त्री बिघडली तर विचारायची, उद्या कुठं जायचंय, कपड्यांचं कसं करताय? साहेब म्हणायचे, पश्चिमेच्या माणसाला खाजगी चौकशी आवडत नाही, तो त्याला घरात डोकावणं समजतो. मी ऐकलं. पंधरा दिवस नुसती माफी आणि तारीख, बाकी काही नाही, अशी पत्रं लिहिली.

त्या नऊ जणांत एक बाई होती, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यातली. आमच्याकडं सुनेला माहेरच्या गावावरून ओळखतात. मला इथं सगळ्या कडेगावकरीण म्हणतात. म्हणून मी तिला मनातल्या मनात आयर्लंडकरीण म्हणायला लागले, आणि एक दिवस तिला सांगूनही टाकलं. तिला ते इतकं आवडलं की बैठकीत तिनं आपल्या नावाखाली तेच लिहिलं, चुकीच्या इंग्रजी अक्षरांत. तिच्या घरी मेंढरं होती. मी म्हटलं, आमच्या पूर्वेला आटपाडीकडं मेंढरंच मेंढरं आहेत, तुला तिकडं दिली असती तर दोन दिवसांत रुळली असतीस. बैठक संपली की आम्ही दोघी लिहून बोलत बसायचो. तिकडच्या पावसाबद्दल, सासूबद्दल, आणि जास्त करून त्या दोन रकान्यांबद्दल. तिच्या रकान्यात लिहिलेलं तिलाही पटत नव्हतं. ती म्हणाली, "आमच्या गावात स्वतःचा निर्णय स्वतः घेतला तर चर्चच्या दारात अख्खा गाव तुझा निर्णय चघळतो."

जानेवारीत तिच्या लेकाला दम्याचा जोराचा झटका आला. तीन दिवस ती दवाखान्यात होती. नव्या माणसाला सुट्टी नव्हती, म्हणजे होती, पण घेतली की कच्च्या नोकरीत खाडा धरत. उत्तरं न दिलेली पत्रं तिच्या नावावर साचत चालली होती. तिनं मला फक्त एवढंच लिहिलं, "अठ्ठेचाळीस झाली. मी बहुतेक गेले कामातून."

मी लिहिलं, "मी करते. पैऱ्यानं."

आता पैरा म्हणजे काय ते तिला जसं सांगितलं तसंच सांगते. मी तुमच्या रानात एक दिवस राबले की तुम्ही माझ्या रानात एक दिवस राबायचं. मजुरी नाही, लिखापढी नाही. दिवसाला दिवस. लोकांना वाटतं हे म्हणजे गावातलं प्रेम. प्रेमाचा काही संबंध नाही. माझ्या आईचं आणि शेजारणीचं बांधाच्या झाडावरून कडाक्याचं भांडण झालेलं, दोन वर्षं तोंड बघत नव्हत्या. ऐन सोयाबीन काढणीत आई तापानं पडली. सकाळी सात वाजता शेजारीण विळा घेऊन आमच्या रानात हजर. आईशी एक शब्द बोलली नाही, दिवसभर काढणी केली, स्वतःची भाकरी स्वतःच्या फडक्यातून खाल्ली आणि गेली. मागचा एक दिवस तिच्याकडं राहिला होता. बोलणं बंद होतं, पैरा बंद नव्हता. चार महिन्यांनी त्यांचं बोलणं सुरू झालं, पण ते वेगळ्या कारणानं.

आयर्लंडकरणीनं लिहिलं, "आमच्याकडंही आहे हे. गवत कापायचं आणि पाऊस यायच्या आधी आत घ्यायचं, तेव्हा सगळे येतात. माझ्या आजीच्या वेळी तर फार होतं." त्याला त्यांच्यात एक शब्द आहे, तो मला आजही नीट म्हणता येत नाही.

ठरलं. तिच्या अठ्ठेचाळीस पत्रांचा माझा एक दिवस. बदल्यात फेब्रुवारीत आमच्या बेदाण्याच्या द्राक्षांची तोड सुरू होईल तेव्हा एक दिवस तिनं माझी पत्रं बघायची. द्राक्षं तोडली की त्याच दिवशी औषधाच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरावी लागतात, त्या दिवशी घरातलं कुणीही रिकामं राहून चालत नाही. तिनं पासवर्ड पाठवला. मला त्यात काही मोठं वाटलं नाही. आमची कुलपाची किल्ली शेजारच्या कोनाड्यात असते आणि त्यांची आमच्याकडं. पासवर्ड म्हणजे तेच, असं मी धरून चालले. ही माझी खरी चूक. घर आमचं असतं म्हणून किल्ली द्यायचा हक्क आमचा. ती पत्रं तिची नव्हती, ती लोकांची होती, त्यांत त्यांचे पत्ते होते, फोन नंबर होते. हे मला नंतर कळलं, आणि पटलं. पण माझं काम दुसऱ्या कुणाच्या नावावर जाऊ नये हा नियम मला आधीपासून माहीत होता, आणि तो मी समजून-उमजून मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बसले. बारा वाजेपर्यंत अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस उत्तरं गेली. तिचं नाव खाली होतं म्हणून की काय, माझा हात मोकळा सुटला. पुन्हा चौकशा सुरू झाल्या. एका म्हाताऱ्याची किटली फुटकी आली होती, त्यानं रागानं सगळं पत्र मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मी लिहिलं, "नवी किटली तीन दिवसांत येईल. पण तोवर तुमच्या चहाचं काय? पातेल्यात पाणी उकळलं तरी चहा चांगला होतो, फक्त ओतताना जपा."

त्या म्हाताऱ्यानंच आम्हाला पकडून दिलं. शिव्या घालून नाही, कौतुक करून. त्यानं दुकानाला लांबलचक पत्र लिहिलं, की इतक्या वर्षांत वस्तू घेतल्या पण माझ्या चहाची काळजी कुणी केली नव्हती. पातेल्यात केला, बरा झाला. त्या बाईंना आभार सांगा. ते पत्र साहेबांकडं गेलं. आता चहाची चौकशी नऊ जणांत कोण करतं, हे त्यांना मला टोकून टोकून पाठ झालं होतं. त्यात पत्र गेलेलं तिच्याकडच्या पहाटे तीनला. ताळा जुळायला वेळ लागला नाही.

दोघींना विचारलं. दोघींनी लगेच कबूल केलं. आठ दिवसांनी दोघींना एकेक फॉर्म आला. लेखी ताकीद, शुक्रवारपर्यंत सही करून पाठवायचा. सही केली की नोकरी पक्की. शिक्षा हलकीच होती, मी म्हटलं सुटलो. मग वाचला. कारणापुढं आधीच छापून आलं होतं: "सांस्कृतिक पार्श्वभूमीमुळे झालेला गैरसमज. वैयक्तिक जबाबदारीची कल्पना कर्मचाऱ्याच्या संस्कृतीत वेगळी असल्याने." आणि खाली, चार आठवड्यांचा वर्ग, कामाची संस्कृती शिकवणारा.

आयर्लंडकरणीला विचारलं, तुझ्यावर काय लिहिलंय? तिनं फोटो पाठवला. एकच ओळ होती. "वैयक्तिक निर्णयातली चूक." वर्ग नाही, काही नाही.

मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघत बसले. काम एकच, दिवस एकच, ठरवलं दोघींनी मिळून. पण तिची चूक तिची, आणि माझी चूक माझ्या खंडाची. तिला स्वतःचं डोकं आहे, म्हणून ते चुकलं. मला डोकंच नाही, मला नुसती संस्कृती आहे. मी इतकी चिडले की उठून शेडपर्यंत चालत गेले आणि तशीच परत आले. अब्जावधी माणसं त्या एका रकान्यात कोंबली होती, आणि माझ्या आईला पैरा फेडणाऱ्या त्या शेजारणीला जबाबदारीची कल्पना नव्हती म्हणे!

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून फोन आला, पुण्याच्या मॅडमचा. आपल्याकडच्या लोकांचं त्या बघतात. आवाज अगदी मायाळू. "अगं, सही का नाही केलीस? ती ओळ उलट तुझ्या सोयीची आहे. चूक तुझ्यावर येतच नाही."

"मग कुणावर येते, मॅडम?"

"कुणावरच नाही गं. संस्कृतीवर."

"म्हणजे आमच्या आत्यांवर येते. आमच्या आईवर येते. त्यांनी काय केलंय?"

त्या हसल्या. "इतकं मनाला नको लावून घेऊस. आपण सगळेच असं करतो. उशीर झाला की सांगायचं, आमच्याकडं वेळेचं असंच असतं. ते समजून घेतात. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी म्हटलं, "मॅडम, मूठ माझी आहे, ती उघडायची का नाही ते मी बघते." असं बोलायला नको होतं, त्यांचा काही दोष नव्हता. पण त्या बोलण्यानं मला जास्त लागलं, साहेबांच्या फॉर्मपेक्षा जास्त. साहेबांना आमची माणसं माहीत नव्हती. यांना माहीत होती.

त्या संध्याकाळी जेवताना मी घरात सगळं सांगितलं. मामांच्या हिशेबानं त्यांना बरंच होतं, नोकरी गेली असती तर शेडला माणूस मिळत होतं. मी फॉर्म मराठीत करून वाचून दाखवला. मामांनी हात धुतला, चष्मा लावला आणि मला दुसऱ्यांदा वाचायला लावला.

"दुसरीचा पासवर्ड वापरलास?"

"व्हय मामा."

"म्हंजी दुसऱ्याच्या रायफलीनं नेम धरलास. पल्टनीत क्वार्टर गार्डच्या कोठडीत बशिवलं असतं तुला." मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "चुकलीस तर चुकलीस. आमचीबी सायबापुढं पेशी झाली हाय, दोनदा. पन पेशीला कसं असतंय? नंबर, रँक, नाव, गुन्हा. कुठल्या गावचा, कुठल्या देवाचा, ते न्हाई इचारत कोन. ह्ये काय लिवलंय मग? तू चुकलीस आन् नाव आमचं?"

आत्या म्हणाल्या, "आवं, पर नोकरी जाईल की तिची."

"जाईल तर जाईल. शेड कुठं पळून चाललीया?" मामा उठले. जाता जाता म्हणाले, "तुझं तू बघ पोरी. पन आमच्या नावावर घालू नगं."

नवरा मान खाली घालून जेवत होता. नंतर मला म्हणाला, "मला विचारशील तर सही कर. पण तू मला विचारणार न्हाईस." हे त्यानं बरोबर ओळखलं.

मला नोकरी जायची भीती होती, हे लपवत नाही. शुक्रवारपर्यंत मी तीनदा तो फॉर्म उघडला आणि तीनदा सहीच्या जागेवर बोट नेलं. एक ओळ तर आहे, वाचणार कोण, असं स्वतःला समजावून बघितलं. वाचणारी मी होते, हीच अडचण होती.

शुक्रवारची बैठक आमची शेवटची होती. साहेबांनी पडद्यावर पुन्हा दोन रकाने लावले आणि खाली एक नवीन उदाहरण घातलं होतं. "एक आशियाई सहकारी," ते म्हणाले, "फार मनापासून काम करणारी. तिच्या संस्कृतीत मदत आणि नियम यांतली रेघ पुसट असते. तिनं एका सहकाऱ्याचं काम केलं. तिला ते चूक वाटलंच नाही. यावरून आपण काय शिकतो?"

नाव घेतलं नव्हतं, ते सभ्य होते. मी माइक चालू केला.

"साहेब, ती मी. आणि मला ते चूक वाटलं होतं."

 माझं इंग्रजी अडखळत होतं, तरी बोलले. "दुसरीच्या नावानं पत्रं लिहायची परवानगी नव्हती, हे मला माहीत होतं. दुसरीचं मूल आजारी होतं आणि तिची नोकरी जाणार होती. मी दोन्ही तोलून बघितलं आणि ठरवलं. मी ठरवलं, साहेब. माझ्या गावानं नाही, माझ्या सासूनं नाही, आशियानं तर नाहीच नाही. पासवर्डाबाबत मी चुकले, त्याची ताकीद द्या, दोन द्या. पण त्या पलीकडच्या रकान्यात जे लिहिलंय ना, स्वतःचा निर्णय स्वतः घेतात, ते मला हवंय. ते तुम्ही आमच्याकडून काढून घेतलंय."

साहेब म्हणाले, त्यांचा हेतू मला वाचवण्याचा होता. मला वाटतं ते खरं बोलत होते. मी म्हटलं, "मला वाचवू नका. मला रागवा."

 आमच्या चौघांतल्या मनिलाच्या मुलानं अंगठ्याचं चित्र पाठवलं, आणि तो अंगठा बराच वेळ पडद्याच्या कोपऱ्यात तसाच राहिला. आयर्लंडकरणीनं तेवढंही केलं नाही. मला तिचा रागच आला. वाटलं, तुझ्याच लेकासाठी केलं ना गं सगळं, आणि आता माइक बंद करून बसलीस?

बैठक संपल्यावर मी फॉर्म उघडला. छापलेल्या दोन्ही ओळींवर रेघ मारली आणि वर लिहिलं, "मला नियम माहीत होता. निर्णय माझा होता. चूक माझी आहे." खाली सही केली, पूर्ण नावानं, बापाचं आणि नवऱ्याचंही न गाळता. पाठवून दिला आणि शेळीला पाला घालायला गेले.

परत येऊन बघते तर आयर्लंडकरणीचा फोटो आलेला. तिचा फॉर्म होता. तिनंही छापलेल्या ओळीवर रेघ मारली होती. "वैयक्तिक निर्णयातली चूक" हे शब्द खोडून वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "आमच्या गावात असंच करतात." आणि त्याच्याखाली, "मलाही तो चार आठवड्यांचा वर्ग द्यावा."

मी पायरीवर बसून इतकी हसले की आत्या बाहेर आल्या. त्यांना दोन्ही फॉर्म समजावून सांगितले. त्यांना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "शानी हाय बाई."

कार्यालयाचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. दोघींना ताकीद, कारणाची जागा कोरी. वर्ग कुणालाच नाही. आणि नोकरी पक्की नाही. दोघींचीही कच्ची मुदत तीन महिन्यांनी वाढवली. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते अंगणात खुरपं घासत होते. "मग आमचंबी तीन महिने वाढीव," एवढंच म्हणाले, आणि खुरप्याची धार बोटानं बघितली.

फेब्रुवारीत तोड सुरू झाली. या वेळी आम्ही दोघींनी रीतसर लेखी परवानगी मागितली, की एक दिवस माझी पत्रं तिनं बघावीत, तिच्या स्वतःच्या नावानं. अतिशय गोड भाषेत नकार आला. पश्चिमेची माणसं तोंडावर नाही म्हणतात असं शिकले होते, पण त्या पत्रात नाही हा शब्द कुठंच नव्हता. मी बिनपगारी खाडा टाकला आणि दिवसभर शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं पसरली.

त्या दिवशी दुपारी जेवायला बसल्यावर आत्यांनी विचारलं, "मग तिच्याकडचा दिस तसाच ऱ्हायला की गं. कवा फेडायची ती?"

"पुढच्या हंगामाला येते म्हणालीय. विमानानं. लेकाला घेऊन."

मला वाटलं आत्या हसतील. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, विचार केला आणि म्हणाल्या, "येऊ दे. टोपी घालून ये म्हणावं. गोरी हाय, ऊन लागंल."

मी तसं लिहून पाठवलं आहे. माझी नोकरी राहील की जाईल हे अजून ठरायचं आहे, पण तिच्याकडं माझा एक दिवस आहे, आणि तो ती बुडवायची नाही. गावाकडची आहे.